शाह तहमास्पाचें शाहनामें : पोथी कीं चित्रांचा गठ्ठा ?

इराणचा सफवी बादशहा शाह तहमास्प याच्यासाठीं तबरीझ येथें तयार झालेल्या शाहनाम्याचें नांव फारसी हस्तलिखितांच्या शोकिनांस नवें नाहीं. फिर्दौसीच्या महाकाव्याच्या ज्या सचित्र प्रती आज अवशिष्ट आहेत त्यांत ही प्रत अग्रगण्य, याविषयीं जाणत्यांत दुमत आढळत नाहीं. हिच्यासंबंधानें दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला मार्टिन डिक्सन व स्टुअर्ट केरी वेल्श ह्यांचा, हार्वर्ड विद्यापीठानें १९८१ सालीं दोन खंडांत छापलेला. दुसरा शीला कॅन्बी ह्यांचा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमनें २०११ सालीं काढलेला. पोथींतील सर्वच्या सर्व २५८ चित्रें दोहोंतहि दिलीं आहेत. छपाई उत्तम, आणि कोणतें चित्र कोणत्या चिताऱ्याच्या हातचें हें ठरविण्यांत पहिल्या ग्रंथाच्या कर्त्यांनीं जें श्रम घेतले त्यांबद्दल त्यांस धन्यवाद द्यावेत तेवढे थोडेच. तथापि हे ग्रंथ मिटून ठेवल्यावर आमच्या मनांत जो विचार राहिला तो चित्रांविषयींचा नव्हता. पोथी म्हणून जी वस्तु होती तिचें काय झालें, आणि तिच्या अभ्यासकांनीं तिला पोथी म्हणून कितपत वागविलें, ह्याचा जाब कोणी तरी विचारणें अवश्य आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पोथीचें अंग पाहूं. पत्रें एकंदर ७५९. पत्राची उंची सुमारें ४७ सेंटिमीटर व रुंदी सुमारें ३२. म्हणजे साडेअठरा इंच व साडेबारा इंच. मजकूर नस्तालीक लिपींत, चार रकान्यांत, भरल्या पानास २२ ओळी. रकान्यांभोंवतीं सोन्याची व रंगांची जदवल ओढलेली असून जदवलीबाहेरील हांशियाच्या कागदावर सोन्याचा चुरा शिंपडलेला आहे. आरंभीं शम्सा, म्हणजे सूर्याकृति वेलबुट्टीचें मंडल, असून त्यांत शाह तहमास्पाचें नांव आहे. शेवटीं पुष्पिका मात्र नाहीं. कातिबानें आपलें नांव, गांव, तिथि कांहींच दिलेलें नाहीं. इतक्या थोर पोथीस तरकीमा नसावा ही गोष्ट आपल्याकडील महानुभावांच्या किंवा वारकऱ्यांच्या पोथ्या पाहणारास चमत्कारिक वाटेल. तेथें लेखकु आपलें नांव, वार, नक्षत्र व पाठदुखीची तक्रारसुद्धां लिहून ठेवतो.

पुष्पिका नसल्यामुळें पोथीचा काळ तिच्या पोटांतूनच काढावा लागतो, व येथेंच तिच्या बांधणीचें महत्त्व दिसून येतें. २५८ चित्रांपैकीं तिथि एकाच चित्रावर आहे. अर्दशीर व गुल्नार दासी ह्यांचें तें चित्र. पत्र ५१६, मागील बाजू. चित्रांतील इमारतीवर हि. स. ९३४, म्हणजे इ. स. १५२७-२८, असा आंकडा घातला आहे. चिताऱ्यांच्या सह्या दोनच. एक मीर मुसव्वीराची, पत्र ६० वरील मनूचिहराच्या दरबारांत. ती शोधणारास फार वेळ सांपडली नाहीं, कारण एका दरबाऱ्याच्या शिरोभूषणावर ती बारीक अक्षरांत आहे. दुसरी दोस्त मुहंमदाची, हफ्तवाद व त्याचा किडा ह्या कथेच्या चित्रावर. पत्र ५२१, मागील बाजू.

आतां ह्या दोन आंकड्यांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. ५१६ व ५२१. मध्यें चारच पत्रें. दोन्ही चित्रें अर्दशीराच्याच आख्यानांतील. परंतु दोस्त मुहंमदाचें चित्र शैलीवरून बरेंच मागाहूनचें, १५४० च्या सुमाराचें, असें तज्ज्ञ मानतात. म्हणजे एकाच कथेंत, चार पत्रांच्या अंतरानें, दहा-बारा वर्षांचा फरक असलेलीं दोन चित्रें पोथींत बसलेलीं होतीं. ह्यावरून ९३४ हें सबंध पोथीचें साल धरतां येत नाहीं हें तर उघडच आहे. शिवाय चितारी पहिल्या पानापासून शेवटच्या पानाकडे सरळ गेले नाहींत. कोरलेल्या जागा मागें ठेवीत, पुढें जात, पुन्हां मागें येत असे, असाहि निष्कर्ष त्यांतून निघतो. हा निष्कर्ष एकेका चित्राच्या सौंदर्यांतून निघत नाहीं. पत्रांच्या क्रमांतून निघतो. ज्यानें ५१६ वें पत्र सुटें, चौकटींत घालून, भिंतीवर पाहिलें त्यास तो कधींहि सुचणार नाहीं.

दुसरें उदाहरण पत्र २० च्या मागील बाजूचें. गयूमर्साचा दरबार, सुलतान मुहंमदाच्या हातचें. ह्या चित्रास नांव नाहीं, सही नाहीं. मग कर्ता कसा कळला ? दोस्त मुहंमदानें शाह तहमास्पाचा भाऊ बहराम मिर्झा याच्या चित्रसंग्रहास हि. स. ९५१ मध्यें प्रस्तावना लिहिली. शाहच्या शाहनाम्यांत सुलतान मुहंमदानें चित्त्याचीं कातडीं पांघरलेल्या लोकांचें असें एक चित्र काढलें आहे कीं, तें पाहून भल्याभल्या चिताऱ्यांनीं माना खालीं घालाव्या, अशा आशयाचें विधान तींत आहे. फिर्दौसीच्या काव्यांत चित्त्याचीं कातडीं पांघरतात ते आद्य राजा गयूमर्स व त्याचे लोक. प्रस्तावना, काव्याचा पाठ आणि पत्र २० ह्या तिहींचा मेळ बसला, तेव्हां कर्त्याचें नांव सिद्ध झालें. कागदावरून कागद पडताळण्याची ही रीत आमच्या वाचकांच्या अंगवळणीं पडलेली आहे. तिचें वेगळें कौतुक नको. पण ह्या मेळांतील मधला दुवा काव्याचा पाठ आहे, आणि पोथी फोडणारास ज्याची किंमत सर्वांत कमी वाटली तो भागहि हाच, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

आतां मालकीचा इतिहास. तहमास्प १५२४ सालीं दहा वर्षांचा असतां गादीवर बसला. पोथीचें काम त्याच्या आधीं, त्याचा बाप शाह इस्माईल याच्या हयातींतच, १५२२ च्या सुमारास सुरू झालें असावें असा तर्क आहे. पुढें शाहची चित्रांवरील भक्ति उतरली व धर्मनिष्ठा वाढली. त्याचा लाभ आपल्या देशास झाला, कारण परागंदा हुमायूं १५४४ सालीं त्याच्या दरबारीं गेला असतां त्यानें तेथील चितारी हेरून ठेवले, व मीर मुसव्वीराचा पुत्र मीर सय्यद अली हा १५४९ सालीं काबुलास त्याच्याजवळ येऊन दाखल झाला. ह्या शाहनाम्यांत ज्याचा हात आहे तोच पुढें अकबराच्या हम्झानाम्याच्या कारखान्यावर मुख्य झाला. मोगली चित्रकलेचें एक मूळ असें ह्या पोथींत आहे.

पोथी स्वतः मात्र पूर्वेस न येतां पश्चिमेस गेली. १५६६ सालीं सुलतान सुलेमान मरण पावला व दुसरा सलीम उस्मानी तख्तावर बसला. त्याच्या अभिनंदनासाठीं तहमास्पानें एरिवानचा सुभेदार शाहकुली सुलतान यास वकील करून पाठविलें. हा वकील १५६८ च्या फेब्रुवारींत एदिर्ने येथें पोंचला. नजराण्यांत हजरत अलींच्या हातचें म्हणून मानलेलें कुराण व हें शाहनामें अशा दोन वस्तु विशेष होत्या. पुढें लोकमान नांवाच्या उस्मानी दरबारी ग्रंथकारानें सलीमखानाचें जें शाहनामें १५८१ मध्यें पुरें केलें, त्यांत ह्या वकिलातीचें चित्र आहे. दोन पिढ्या लढलेल्या शत्रूस आपल्या कारखान्यांतील सर्वोत्तम ग्रंथ देऊन टाकावा, ही गोष्ट राजकारणाची कीं वैराग्याची, याचा खल पुष्कळ झाला आहे. आम्हांस दोन्ही कारणें खरीं वाटतात. अमास्याचा तह १५५५ सालीं झाला होता. तो नव्या सुलतानाकडून कायम करून घेणें हें शाहास एका पोथीपेक्षां अर्थातच मोठें होतें.

इस्तंबूलच्या राजवाड्यांत पोथी सवादोनशें वर्षांहून अधिक काळ राहिली, आणि तेथें तिच्यावर जो संस्कार झाला तो आमच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. तिसऱ्या सलीमाच्या कारकीर्दींत, १८००-१८०१ च्या सुमारास, खजिन्यांतील मेहमद आरिफ नांवाच्या अधिकाऱ्यानें चित्रांच्या रक्षणासाठीं घातलेल्या कागदांवर त्या त्या चित्रांतील प्रसंगाचा सारांश तुर्की भाषेंत लिहिला. कलेच्या इतिहासकारांनीं ह्या मजकुराची नोंद दोन ओळींत उरकली आहे. आम्ही त्यास पोथीच्या मालकीचा अस्सल दाखला समजतों. तहमास्पाच्या दरबारीं कोणी वाचून दाखविल्याविना जी कथा सर्वांस पाठ होती, ती तुर्की राजवाड्यांत कोणास तरी समजावून सांगावी लागत होती. म्हणजे पोथी नुसती पेटींत नव्हती, उघडली जात होती, पाहिली जात होती. आपल्याकडे सनदेच्या पाठीवरील ‘रुजू’, ‘सुरू सूद’ किंवा दफ्तरदाराचा शेरा वाचल्यावांचून सनदेचा इतिहास लिहिणारास आपण अर्धवट म्हणतों. तोच न्याय येथें लावावयास नको काय ? आणि हे कागद ज्या चित्रासमोर होते त्या चित्रासमोरच राहिले तर त्यांस अर्थ आहे.

त्यानंतर पोथी दिसते ती एकदम १९०३ सालीं, पॅरिसच्या प्रदर्शनांत, बॅरन एदमाँ द रॉथशिल्ड यांच्या मालकीची म्हणून. मधल्या शंभर वर्षांचा एकहि शेरा तिच्यावर नाहीं. रॉथशिल्ड घराण्याकडून १९५९ सालीं ती अमेरिकेंतील काचकारखानदार व ग्रंथसंग्राहक आर्थर होटन यांनीं विकत घेतली. हार्वर्ड येथील दुर्मिळ ग्रंथांचें होटन ग्रंथालय ह्यांच्याच देणगींतून १९४२ सालीं उभें राहिलें. म्हणजे हा गृहस्थ अडाणी नव्हे. पुस्तक म्हणजे काय हें त्यास पुरतें ठाऊक होतें. त्यांनीं ती अभ्यासकांस पाहूं दिली, तिच्यावरील ग्रंथाचें काम सुरू होऊं दिलें. आणि मग चारशें वर्षें, चार मालक व दोन खंड ओलांडून अभंग राहिलेली ही पोथी सुटी केली. १९७० सालीं ७८ चित्रें मेट्रोपॉलिटन म्यूझियमला दान दिलीं. १९७६ सालीं लंडनास क्रिस्टीजच्या लिलांवांत सात पत्रें विकलीं. मग इतर खाजगी रीतीनें. १९८८ सालीं आणखी एक लिलांव. १९९० सालीं होटन वारले तेव्हां ११८ चित्रें, मजकुराचीं उरलेलीं पत्रें व रिकामी जिल्द एवढें त्यांच्या वारसांकडे शिल्लक होतें.

हें शेष इराणला परत कसें मिळालें ती हकीकत नाटकांत शोभेल अशी आहे. तेहरानच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत विलेम द कूनिंग ह्या अमेरिकन चिताऱ्याचें ‘तिसरी स्त्री’ हें चित्र होतें. १९७९ च्या राज्यक्रांतीनंतर तें लोकांस दाखविणें अशक्य झालें. १९९४ च्या जुलईंत व्हिएन्नाच्या विमानतळावर ह्या चित्राची व शाहनाम्याच्या शेषाची अदलाबदल झाली. २००६ सालीं तेंच ‘तिसरी स्त्री’ चित्र सुमारें १३ कोटि ७५ लक्ष डॉलरांस विकलें गेलें, म्हणून इराण ठकलें असें म्हणणारे आहेत. आम्ही त्यांच्यांतले नाहीं. दफ्तराचा एक रुमाल जरी अखंड घरीं आला तरी घरचा माणूस किंमत विचारीत नाहीं.

पोथी फोडण्याच्या बाजूनें जें बोलतात त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. पहिलें असें कीं, मुसलमान राजांनींच जुन्या पोथ्यांतील चित्रें काढून मुरक्के, म्हणजे चित्रसंग्रह, बनविले. वर उल्लेखिलेला बहराम मिर्झाचा संग्रह तरी दुसरें काय आहे? जहांगीरानेंहि तेंच केलें. हें खरें आहे. परंतु मुरक्का हेंहि पुस्तकच. त्याची जिल्द नवी, प्रस्तावना नवी, हांशिये नवे. त्यांत कोणतें चित्र कोणाचें हें लिहून ठेवण्याची काळजी घेतलेली असते. दोस्त मुहंमदाची प्रस्तावना नसती तर गयूमर्साच्या चित्राचा कर्ता आज आपणांस कळलाहि नसता. एका पुस्तकाचें दुसरें पुस्तक करणें आणि पुस्तकाच्या चिठ्ठ्या करून जगभर वांटणें ह्या गोष्टी सारख्या कशा मानाव्या ?

दुसरें म्हणणें असें कीं, पोथी बंद असतां एका वेळीं दोनच पानें दिसतात. सुटी झाल्यामुळें न्यूयॉर्क, टोरांटो, तेहरान येथें हजारों लोकांनीं तिचीं चित्रें पाहिलीं. ह्यांत तथ्य आहे, व टोरांटोच्या आगाखान म्यूझियममध्यें २० वें व ५२१ वें पत्र आज सामान्य मनुष्यास पाहतां येतें ह्याचा आनंद आम्ही नाकारीत नाहीं. पण दुरुस्तीसाठीं पोथी काळजीपूर्वक उसवून, पत्रें मांडून दाखवून, पुन्हां एकत्र ठेवतां येतात. विंडसर येथील शाहजहानाच्या पादशाहनाम्याचें असेंच झालें. १९९७ पासून त्याचीं चित्रें दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत लोकांनीं पाहिलीं, आणि मालकी एकत्रच राहिली. लोकांस दाखविण्यासाठीं टांके उसवावे लागतील. विकण्याची जरूर नाहीं.

होटन यांच्या बाजूनें एवढें मात्र म्हटलें पाहिजे कीं, त्यांनीं देमोताचें पातक केलें नाहीं. जॉर्ज देमोत हा पॅरिसचा व्यापारी. त्यानें चौदाव्या शतकांतील मोंगल इलखानांच्या थोर शाहनाम्याची जी दुर्दशा केली ती वाचतांना अंगावर कांटा येतो. ज्या पत्राच्या दोन्ही बाजूंस चित्रें होतीं तें त्यानें जाडींतून चिरून त्याचीं दोन केलीं, व उघड्या पडलेल्या पाठीवर भलत्याच ठिकाणचा मजकूर चिकटविला. त्या पोथीची मांडणी पुन्हां जुळवितां जुळवितां विद्वानांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. तहमास्पाच्या पोथींतील पत्रांचे आंकडे तरी शाबूत राहिले, म्हणून वरील विवेचन आम्हांस करतां आलें. तुलनेसाठीं ब्रिटिश म्यूझियममधील एक सुटें पत्र घ्यावें : रुस्तम झोंपला आहे व त्याचा घोडा रख्श सिंहाशीं झुंजतो आहे. हातोटी सुलतान मुहंमदाची, काळ तोच. पण तें कोणत्या पोथींतील ह्याचा वाद मिटत नाहीं. आंकडा व शेजार हरवलेल्या पत्राची अवस्था ही अशी होते.

आणि येथें अभ्यासकांवर आमचा एक स्पष्ट आक्षेप आहे. इलखानांची पोथी पुष्कळ काळ ‘देमोत शाहनामा’ ह्या नांवानें ओळखली गेली. तहमास्पाची पोथी १९८१ च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘होटन शाहनामा’ झाली. ग्रंथ छापून निघाला त्याच्या आधीं अकरा वर्षें तो ग्रंथविषय होटन यांच्या घरीं पुरता उरलाहि नव्हता. ज्यानें पोथी लिहविली त्याचें नांव मागें, व ज्यानें ती उसवली त्याचें पुढें, ही कोणती रीत ? अलीकडे दोन्ही नांवें मागें पडून ‘थोर मोंगल’ व ‘तहमास्पाचें’ अशीं नांवें रूढ झालीं, ही समाधानाची गोष्ट. कॅन्बी यांच्या ग्रंथानें ह्या बाबतींत योग्य तें केलें.

परंतु त्या ग्रंथाचीहि मर्यादा सांगितलीच पाहिजे. २५८ चित्रें काव्याच्या क्रमानें एकत्र आलीं, हा लाभ मोठा. तरी तो क्रम चित्रांचा, पत्रांचा नव्हे. चित्राच्या पाठीवर काव्य पुढें चालूं असतें. मेट्रोपॉलिटनला, टोरांटोला किंवा कोणा खाजगी खरेदीदाराला एक चित्र गेलें कीं त्याच्या पाठीवरच्या बैतांचाहि मजकूर त्याच्याबरोबर जातो, व तेहरानच्या शेषांत तेथें भोंक पडतें. त्यामुळें आज कोणी ह्या प्रतीचा पाठ फिर्दौसीच्या इतर प्रतींशीं ताडून पाहूं म्हणेल, किंवा कातिब एक होता कीं अनेक हें अक्षरवळणावरून ठरवूं म्हणेल, तर त्यास निदान तीन देशांत व कित्येक बंद कपाटांत फिरावें लागेल. चित्रामागील पानांसह सर्व ७५९ पत्रांचें, दोन्ही बाजूंचें, मेहमद आरिफाच्या कागदांसहित छायाचित्रण करून पत्रांकाच्या क्रमानें तें एकत्र मांडणें हें काम करण्याजोगें आहे. मेट्रोपॉलिटन व तेहरान ह्या दोन जागांनीं मनावर घेतलें तर बहुतेक पत्रें त्यांच्याच ताब्यांत आहेत. उरलेल्यांचे आंकडे लिलांवांच्या याद्यांतून मिळतात.

ह्या याद्या आमच्या संग्राहक मित्रांनीं अवश्य चाळाव्या. २०११ च्या एप्रिलांत पत्र ४२, ज्यावर फरिदून अजगराचें रूप घेऊन आपल्या पुत्रांची परीक्षा पाहतो, सदबीजच्या लिलांवांत सुमारें ७४ लक्ष पौंडांस गेलें. हें पत्र स्टुअर्ट केरी वेल्श यांच्या संग्रहांतलें होतें. म्हणजे पोथीवरील ग्रंथाच्या एका कर्त्याजवळच तिचें एक पत्र होतें. २०२२ च्या आक्टोबरांत पत्र २९५, ज्यावर रुस्तम अफ्रासियाबाच्या कळपांतून आपला रख्श परत मिळवितो, सुमारें ८० लक्ष ६० हजार पौंडांस गेलें. यादींत चित्राच्या मागील पानावर काय लिहिलें आहे ह्यास जी जागा मिळते ती पाहावी, व मागील पत्र २९४ आणि पुढील पत्र २९६ कोठें आहेत ह्याचा उल्लेख त्यांत सांपडतो काय तेंहि पाहावें.